ग्रीष्म अयनदिन आणि स्टोनहेंज : एका ‘प्राचीन’ उत्सवाची ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील स्टोनहेंज या दगडी वर्तुळापाशी दरवर्षी जून महिन्यातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्योदय पाहण्यासाठी हजारो लोक एकत्र येतात. हा उत्सव हजारो वर्षे अखंड चालत आला आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या समजाची ऐतिहासिक साधनांच्या आधारे चिकित्सा केली आहे. स्मारकाचा अयनदिनाशी जुळणारा अक्ष प्राचीन आहे; मात्र उत्सवाचे आजचे रूप अठराव्या शतकातील पुराविद्या, एकोणिसाव्या शतकातील लोकसमुदाय आणि विसाव्या शतकातील मालकी, कायदा व पोलीस बळ यांच्या संघर्षातून घडले, असे या अभ्यासातून दिसून येते. परंपरा अर्वाचीन ठरल्याने तिचे सामाजिक मोल नाहीसे होते काय, या प्रश्नाचाही येथे विचार केला आहे.

महत्त्वाचे शब्द : स्टोनहेंज, ग्रीष्म अयनदिन, महापाषाण, ड्रुइड, नवनिर्मित परंपरा, वारसा आणि मालकी हक्क.

१. प्रस्तावना

सूर्याच्या उगवण्याची जागा क्षितिजावर वर्षभर सरकत असते. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास ती उत्तरेकडील टोक गाठते, काही दिवस जवळजवळ स्थिर राहते आणि मग दक्षिणेकडे वळते. आपल्या पंचांगात या क्षणाला सायन दक्षिणायनारंभ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हाच ग्रीष्म अयनदिन होय. स्टोनहेंज सुमारे ५१ उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे हा दिवस साधारण साडेसोळा तासांचा असतो, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही भरत नाही. मुंबईत हाच फरक सव्वातेरा आणि अकरा तास एवढाच आहे. सूर्योदयाच्या दोन टोकांमधील अंतर मुंबईच्या क्षितिजावर सुमारे ५० अंशांचे, तर स्टोनहेंज येथे सुमारे ८० अंशांचे आहे. उत्तरेकडील समाजांना अयनदिनांचे एवढे महत्त्व का वाटले असावे, हे या आकड्यांवरून सहज ध्यानी येते. आपल्याकडे जूनच्या अखेरीस आकाश मेघांनी झाकलेले असते आणि शेतकऱ्याचे लक्ष सूर्याऐवजी पावसाकडे असते.

तथापि एखाद्या वास्तूची दिशा सूर्याशी जुळणे ही एक गोष्ट आणि त्या वास्तूपाशी विशिष्ट दिवशी उत्सव साजरा होत असणे ही दुसरी गोष्ट. इतिहासलेखनात या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते. प्रस्तुत शोधनिबंधाचा प्रारंभ या भेदापासून होतो.

२. शोधनिबंधाची उद्दिष्टे

१) स्टोनहेंजच्या रचनेतील अयनाक्षाचे स्वरूप समजून घेणे.
२) प्राचीन काळी तेथे भरणाऱ्या मेळाव्यांविषयीचा पुरातत्त्वीय पुरावा तपासणे.
३) ग्रीष्म अयनदिनाच्या आधुनिक उत्सवाची जडणघडण कालक्रमाने मांडणे.
४) या उत्सवाच्या निमित्ताने वारशावरील हक्काचा जो प्रश्न उभा राहिला त्याचे विश्लेषण करणे.

३. गृहीतक व संशोधन पद्धती

“स्टोनहेंज येथील ग्रीष्म अयनदिनाचा उत्सव ही प्राचीन काळापासूनची अखंड परंपरा नसून ती प्रामुख्याने अर्वाचीन घडण आहे,” हे या निबंधाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उत्खननांचे निष्कर्ष, पुराविदांचे लेखन आणि न्यायालयीन निर्णय यांतून उपलब्ध झालेल्या दुय्यम स्वरूपाच्या माहितीचा उपयोग केला आहे.

४. स्मारकाची जडणघडण आणि अयनाक्ष

स्टोनहेंज एकाच वेळी उभे राहिले नाही. इ.स.पू. ३००० च्या सुमारास प्रथम सुमारे ११० मीटर व्यासाचा वर्तुळाकार खंदक आणि त्यालगतचा मातीचा बांध तयार झाला. बांधाच्या आतल्या बाजूस ५६ खड्ड्यांचे एक वर्तुळ होते. सतराव्या शतकात येथे निरीक्षणे करणाऱ्या जॉन ऑब्री यांच्या नावावरून त्यांना ‘ऑब्री खड्डे’ म्हणतात. या खड्ड्यांत व परिसरात दहन केलेल्या मानवी अस्थी सापडल्या आहेत. म्हणजे आरंभीच्या काळात हे स्थळ मृतांशी निगडित होते.

आज जे भव्य दगड दिसतात ते इ.स.पू. २५०० च्या सुमाराचे आहेत. बाहेरील वर्तुळाची योजना ३० उभ्या शिळा व त्यांच्या माथ्यावर सलग बसवलेल्या ३० आडव्या शिळा अशी होती. आत घोड्याच्या नालेच्या आकारात पाच जोड्या उभ्या केल्या होत्या. दोन उभ्या शिळा आणि त्यांवर एक आडवी, अशा या रचनेला ट्रायलिथॉन म्हणतात. उभ्या शिळेच्या माथ्यावर उंचवटा आणि आडव्या शिळेच्या तळाशी त्याला जुळणारी खाच कोरलेली आहे. सुतारकामातील सांधे दगडात उतरवण्याचे हे कौशल्य लक्षणीय आहे. धातूची अवजारे नसताना दगडाने दगड ठोकून हे काम केले गेले.

दगडांच्या उगमाविषयी अलीकडे महत्त्वाची भर पडली आहे. मोठे ‘सार्सन’ दगड उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवरील वेस्ट वूड्स येथून आले, असे २०२० मध्ये रासायनिक विश्लेषणातून दिसून आले. लहान ‘निळे दगड’ वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटरवरून आणले गेले. मध्यभागी असलेला सुमारे सहा टनांचा ‘अल्टार स्टोन’ स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून, किमान ७५० किलोमीटर अंतरावरून आल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. एवढ्या दूरच्या प्रदेशांतील दगड एका ठिकाणी आणणे हे एका गावाचे काम नव्हे. त्यामागे अनेक समूहांचे सहकार्य, अन्नसाठा आणि श्रमाचे नियोजन असलेच पाहिजे.

स्मारकाचा मुख्य अक्ष ईशान्य-नैर्ऋत्य असा आहे. ईशान्येस मातीचे दोन समांतर बांध असलेला ‘ॲव्हेन्यू’ नावाचा मार्ग निघतो व पुढे वळणे घेत एव्हन नदीपर्यंत जातो. प्रवेशाबाहेर ‘हील स्टोन’ ही ओबडधोबड शिळा उभी आहे. वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहून पाहिल्यास ग्रीष्म अयनदिनाचा सूर्य या शिळेच्या किंचित डावीकडून वर येतो. सूर्य नेमका हील स्टोनच्या माथ्यावर उगवतो, हा समज तितकासा अचूक नाही. १९७९ मध्ये हील स्टोनच्या शेजारी आणखी एका शिळेचा खड्डा आढळला. त्यामुळे एके काळी येथे शिळांची जोडी असावी व सूर्य तिच्या मधून उगवताना दिसत असावा, असा तर्क करण्यात आला.

येथे एक भौमितिक वस्तुस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या रेषेच्या ईशान्य टोकाला ग्रीष्मातील सूर्योदय होतो, त्याच रेषेच्या नैर्ऋत्य टोकाला शिशिरातील सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त होतो. अक्ष एकच, प्रसंग दोन. बांधणाऱ्यांच्या मनात यांपैकी कोणता प्रसंग प्रधान होता, हे केवळ दगडांवरून ठरवता येत नाही. ॲव्हेन्यूमधून येणारा मनुष्य नैर्ऋत्येकडे, म्हणजे मावळत्या शिशिरसूर्याकडे तोंड करून स्मारकात प्रवेश करतो. सर्वांत उंच ट्रायलिथॉनही त्याच बाजूस होता. या बाबी लक्षात घेता शिशिराचा पक्ष अधिक बळकट वाटतो.

५. उत्खननाची साक्ष : उन्हाळा की हिवाळा?

या प्रश्नावर स्टोनहेंजपासून सुमारे तीन किलोमीटरवरील डरिंग्टन वॉल्स या वसाहतीने प्रकाश टाकला. १९९८ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पिअर्सन आणि मादागास्करचे पुरातत्त्वज्ञ रामिलिसोनिना यांनी एक मत मांडले. मादागास्करमध्ये दगड पूर्वजांचा व लाकूड जिवंतांचे, असा संकेत आहे. त्याच धर्तीवर स्टोनहेंज हे मृतांचे आणि लाकडी खांबांची वर्तुळे असलेले डरिंग्टन हे जिवंतांचे स्थान असावे, असा त्यांचा विचार होता. २००३ ते २००९ या काळात झालेल्या ‘स्टोनहेंज रिव्हरसाइड’ प्रकल्पात डरिंग्टन येथे इ.स.पू. २५०० च्या सुमाराच्या घरांचे अवशेष उजेडात आले. घरांसोबत प्राण्यांच्या, विशेषतः डुकरांच्या हाडांचा मोठा साठा मिळाला.

या हाडांनी ऋतूची साक्ष दिली. डुकरे वसंतात जन्मली असे धरले, तर दातांच्या वाढीवरून त्यांतील पुष्कळ डुकरे साधारण नऊ महिन्यांची असताना, म्हणजे ऐन हिवाळ्यात मारली गेल्याचे दिसते. हाडांतील समस्थानिकांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने डुकरे ब्रिटनच्या दूरदूरच्या प्रदेशांतून आणली गेली असावीत, असे सुचवले. डरिंग्टन येथील दक्षिणेकडील लाकडी वर्तुळ शिशिर अयनदिनाच्या सूर्योदयाला सन्मुख आहे, तर तेथून नदीकडे जाणाऱ्या मार्गाची दिशा ग्रीष्म अयनदिनाच्या सूर्यास्ताशी साधारण जुळते. दोन्ही स्थळे एकमेकांना पूरक होती आणि दोन्ही अयनदिनांची जाणीव बांधणाऱ्यांना होती, असे यावरून म्हणता येईल. मात्र मोठ्या मेजवान्यांचा जो ठळक पुरावा आहे तो हिवाळ्याकडे बोट दाखवतो. ग्रीष्मातही मेळावे भरत नसतील असे नाही. परंतु आजच्या गर्दीचा दिवस आणि प्राचीन मेजवान्यांचा ऋतू यांत सहा महिन्यांचे अंतर पडते, ही बाब नजरेआड करता येत नाही.

६. ड्रुइड कल्पनेचा उदय

मध्ययुगीन लेखकांना या दगडांचे कुतूहल होते. पण त्यांच्या लेखनात अयनदिन नाही. इ.स. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ याने हे दगड मर्लिन या जादूगाराने आयर्लंडहून आणल्याची कथा लिहिली. सतराव्या शतकात वास्तुविशारद इनिगो जोन्स यांनी स्टोनहेंज हे रोमन मंदिर असल्याचे मत मांडले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन ऑब्री यांनी मात्र हे स्मारक रोमनांच्या आधीचे असून ते प्राचीन ब्रिटनमधील ड्रुइड नामक पुरोहितांचे असावे, असे सुचवले.

या सूचनेचा विस्तार विल्यम स्टकली यांनी केला. व्यवसायाने वैद्य आणि पुढे धर्मोपदेशक झालेल्या स्टकली यांनी १७१९ नंतर अनेक वर्षे येथे प्रत्यक्ष मोजमापे घेतली. ॲव्हेन्यूचा शोध त्यांचाच. १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी स्मारकाचा अक्ष सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाच्या दिशेस असल्याची नोंद केली. त्याच ग्रंथात त्यांनी स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर असल्याचेही ठामपणे मांडले. अचूक निरीक्षण आणि चुकीचा निष्कर्ष एकाच ग्रंथातून लोकांपर्यंत पोहोचले आणि दोन्ही टिकून राहिले.

चुकीचा म्हणण्याचे कारण कालगणनेत आहे. ड्रुइडांविषयीची आपली माहिती मुख्यतः इ.स.पू. पहिल्या शतकापासूनच्या सीझर व त्यानंतरच्या प्लिनी आदी रोमन लेखकांकडून येते. हे पुरोहित लोहयुगीन समाजाचे होते. त्यांच्या आणि स्टोनहेंजच्या भव्य दगडांच्या दरम्यान सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. शिवाय रोमन लेखक ड्रुइडांचा संबंध वनराईशी जोडतात, दगडी वर्तुळांशी नव्हे. तरीही स्वतःच्या भूमीत एक ज्ञानी, निसर्गपूजक पुरोहितवर्ग होऊन गेला, ही कल्पना अठराव्या शतकातील ब्रिटिश मनास सुखावणारी होती. १७८१ मध्ये लंडनमध्ये ‘एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स’ ही संस्था स्थापन झाली. १७९२ मध्ये वेल्श कवी योलो मॉर्गानुग यांनी लंडनच्या प्रिमरोज हिल टेकडीवर २१ जून रोजी लहान दगडांचे वर्तुळ मांडून कविसंमेलनाचा विधी पार पाडला. दगडी वर्तुळ, ड्रुइड आणि सर्वांत मोठा दिवस ही त्रयी अशा रीतीने आधुनिक काळात एकत्र आली.

या कल्पनेचा प्रभाव ब्रिटनपुरता मर्यादित राहिला नाही. दख्खनमध्ये सेवा केलेले कर्नल मेडोज टेलर यांनी शोरापूर परिसरातील महापाषाणीय दफनांचे वर्णन केले, तेव्हा आपल्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी ‘केल्टिक’ व ‘ड्रुइडिकल’ ही विशेषणे वापरली. नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे उत्खनन रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये केले. दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना त्यांनी युरोपातील तशाच खुणांशी केली. पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड आदी स्थळांच्या उत्खननांतून विदर्भातील ही वर्तुळे लोहयुगीन दफने असल्याचे स्पष्ट झाले. आकार सारखा असला, तरी काळ, समाज व प्रयोजन निराळे होते. स्टकलींनी स्टोनहेंजला चिकटवलेली चिठ्ठी शंभर-सव्वाशे वर्षांनी दख्खनच्या दगडांवरही लागली, हे वासाहतिक ज्ञानव्यवहाराचे बोलके उदाहरण होय.

७. सूर्य आणि शास्त्रज्ञ : लॉकयर यांचा प्रयत्न

अयनदिनाचा उपयोग करून स्मारकाचे वय काढण्याचा प्रयत्न सर नॉर्मन लॉकयर यांनी केला. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाचे हे संस्थापक-संपादक महाराष्ट्रास अपरिचित नाहीत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी त्यांची मोहीम विजयदुर्ग येथे आली होती. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे कोकणात सांगितले जाते. वस्तुतः त्या शोधाशी निगडित लॉकयर यांची १८६८ मधील निरीक्षणे इंग्लंडमधून झाली होती. लोकस्मृती दोन घटना एकत्र कशा गुंफते, याचा हा जवळचा दाखला आहे.

१९०१ मध्ये लॉकयर यांनी स्टोनहेंजच्या अक्षाचे मोजमाप केले. पृथ्वीच्या अक्षाचा कल अतिशय मंद गतीने कमी होत आहे. इ.स.पू. २५०० च्या सुमारास तो जवळजवळ २४ अंश होता, आज तो सुमारे २३.४ अंश आहे. परिणामी अयनदिनाच्या सूर्योदयाची जागा सरकते. अक्ष ज्या काळच्या सूर्योदयाशी तंतोतंत जुळेल तो बांधणीचा काळ, अशी लॉकयर यांची विचारसरणी होती. त्यांनी इ.स.पू. १६८० हे वर्ष, त्यात दोनशे वर्षे इकडे-तिकडे धरून, निश्चित केले. १९५२ मध्ये विलार्ड लिबी यांनी ऑब्री खड्ड्यातील कोळशाचे किरणोत्सारी कार्बन पद्धतीने कालमापन केले आणि पुढील मापनांतून भव्य दगडांचा काळ इ.स.पू. २५०० पर्यंत मागे गेला. लॉकयर यांचे अनुमान सुमारे आठशे वर्षांनी चुकले होते.

चूक त्यांच्या गणितात नव्हती, तर पद्धतीच्या मर्यादेत होती. साडेचार हजार वर्षांत येथील सूर्योदयाची जागा केवळ एका अंशाच्या आसपास सरकली आहे. म्हणजे अक्षाच्या मोजणीत अंशाच्या पाचव्या भागाची, सूर्यबिंबाच्या निम्म्या रुंदीहूनही कमी असलेली चूक सुमारे नऊशे वर्षांचा फरक पाडते. पडझड झालेल्या, ओबडधोबड शिळांवरून एवढी सूक्ष्म दिशा काढणे अशक्यप्राय होते. शिवाय सूर्योदय म्हणजे बिंबाची पहिली कड दिसणे की पूर्ण बिंब वर येणे, हे बांधणाऱ्यांनी लिहून ठेवलेले नाही. पुढे १९६३ मध्ये जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकाच्या साहाय्याने स्टोनहेंज ही ग्रहणे वर्तवणारी वेधशाळा असल्याचा सिद्धान्त मांडला व पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९६६ मध्ये त्यावर कठोर टीका केली. आज मुख्य अक्षाचा अयनदिनाशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. वेधशाळेचा दावा मात्र मान्य झालेला नाही.

८. कुंपण, तिकीट आणि दान

एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पुढे सायकल यांमुळे अयनदिनाच्या पहाटे स्टोनहेंजला येणाऱ्यांची संख्या वाढली. ही गर्दी भाविकांची नव्हे, तर मुख्यतः परिसरातील हौशी लोकांची होती. स्मारक खासगी मालकीचे होते. ३१ डिसेंबर १९०० रोजी वादळात एक उभी शिळा कोसळली. त्यानंतर १९०१ मध्ये मालक सर एडमंड ॲन्ट्रोबस यांनी भोवती तारेचे कुंपण घातले व एक शिलिंग प्रवेशशुल्क ठेवले. पिढ्यान्पिढ्या मोकळे असलेले स्थळ असे बंद करता येते काय, हा वाद न्यायालयात गेला. १९०५ मध्ये न्यायमूर्ती फारवेल यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. लोक येत होते ते मालकाच्या अनुमतीने; केवळ येण्याच्या सवयीतून सार्वजनिक हक्क निर्माण होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स’च्या शेकडो सभासदांनी पांढरे झगे व कृत्रिम दाढ्या परिधान करून येथे मोठा दीक्षाविधी केला. तो अयनदिनी नव्हता, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. अयनदिनी नियमितपणे विधी करण्याचा प्रघात त्यानंतरच्या काळात जॉर्ज वॉटसन मॅकग्रेगर रीड यांच्या ड्रुइड गटाने रूढ केला.

पहिल्या महायुद्धात ॲन्ट्रोबस घराण्याचा वारस मारला गेला आणि सप्टेंबर १९१५ मध्ये स्टोनहेंज लिलावात निघाले. सेसिल चब यांनी ते ६,६०० पौंडांना विकत घेतले व १९१८ मध्ये राष्ट्रास दान केले. जनतेकडून एका शिलिंगहून अधिक शुल्क घेऊ नये, अशी त्यांची अट होती. खासगी मालमत्ता राष्ट्रीय वारसा झाली. तथापि ‘राष्ट्र’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न सुटला नाही. पुढील काळात शासकीय खाते, पुरातत्त्वज्ञ व ड्रुइड गट यांच्यात विधींवरून वेळोवेळी खटके उडाले.

९. मुक्त महोत्सव ते बीनफिल्ड

१९७४ मध्ये स्टोनहेंजच्या परिसरात ‘मुक्त महोत्सव’ सुरू झाला. तिकीट नाही, संयोजक कंपनी नाही, संगीत आणि सहजीवन हाच कार्यक्रम. महोत्सव दर जूनमध्ये भरू लागला व १९८४ पर्यंत त्यास हजारोंची गर्दी होऊ लागली. फिरत्या वाहनांतून राहणाऱ्या तरुणांचा एक वर्गही त्याभोवती तयार झाला. दुसरीकडे, परिसरातील प्राचीन थडग्यांच्या उंचवट्यांत खड्डे खणणे, सरपणासाठी झाडे तोडणे, अमली पदार्थांचा व्यवहार अशा तक्रारी वाढल्या. वारसा जपणाऱ्यांची चिंता निराधार नव्हती. वर्तुळाच्या आतील भाग तर पायांखाली झिजत असल्याने १९७८ पासूनच सर्वसामान्य पर्यटकांसाठी बंद करण्यात आला होता.

१९८५ मध्ये महोत्सवावर न्यायालयीन मनाई मिळवण्यात आली. १ जून १९८५ रोजी स्टोनहेंजकडे निघालेला वाहनांचा ताफा पोलिसांनी अडवला आणि शेजारच्या शेतात मोठी चकमक झाली. ‘बीनफिल्डची लढाई’ या नावाने ती ओळखली जाते. ज्यांचे घर हीच गाडी होती, त्यांच्या गाड्यांच्या काचा फोडल्या गेल्या. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. घटनेचे साक्षीदार असलेले स्थानिक जमीनदार अर्ल ऑफ कार्डिगन यांनी पुढे पोलिसांच्या विरोधात साक्ष दिली. स्वतःच्या वर्गाच्या रोषाची पर्वा न करता दिलेली ही साक्ष महत्त्वाची ठरली आणि १९९१ मध्ये न्यायालयाने ताफ्यातील काही जणांना नुकसानभरपाई मंजूर केली.

त्यानंतरची बरीच वर्षे अयनदिनी स्टोनहेंजभोवती काही मैलांचा प्रतिबंधित टापू जाहीर होत असे. एका ड्रुइड गटाच्या पदाधिकाऱ्याने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर युरोपीय मानवाधिकार आयोगाकडे केलेली तक्रार १९८७ मध्ये अग्राह्य ठरली. सूर्य ठरल्या वेळी उगवत होता. पण तो पाहायला आलेल्यांना वाटेतच अडवले जात होते.

१०. प्रवेशाची पुनःस्थापना

या कोंडीत बदल घडवणारा निर्णय मंदिराविषयीचा नव्हता, तर रस्त्याविषयीचा होता. १ जून १९९५ रोजी, बीनफिल्डच्या घटनेला दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, स्टोनहेंजलगतच्या रस्त्याच्या कडेला वीसएक लोक शांतपणे जमले होते. त्यांतील दोघांवर खटला झाला. मार्च १९९९ मध्ये ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’ने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सार्वजनिक रस्ता केवळ ये-जा करण्यासाठी नाही. वाहतुकीस अडथळा न आणता शांततेने एकत्र येणे हाही त्याचा वाजवी उपयोग असू शकतो, असा त्याचा मथितार्थ होता. १९०५ मध्ये ‘लोक येतात’ एवढ्याने हक्क सिद्ध होत नव्हता. चौऱ्याण्णव वर्षांनी, निदान स्मारकाबाहेरच्या रस्त्यावर तरी, लोकांच्या एकत्र येण्याला कायद्याने प्रतिष्ठा दिली.

२००० साली ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने अयनदिनी दगडांमध्ये मोफत व नियंत्रित प्रवेश पुन्हा सुरू केला. पहिल्या वर्षी सुमारे सहा हजार लोक आले, २००३ मध्ये ही संख्या तीस हजारांच्या घरात गेली. २०१० मध्ये ‘ड्रुइड नेटवर्क’ या संस्थेला धर्मादाय आयोगाने धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. २०२० मध्ये कोविड साथीमुळे मेळावा रद्द झाला, तेव्हा सूर्योदयाचे थेट प्रक्षेपण करण्यात आले आणि लक्षावधी लोकांनी ते घरबसल्या पाहिले. १९ जून २०२४ रोजी, अयनदिनाच्या आदल्या दिवशी, पर्यावरणवादी आंदोलकांनी दगडांवर नारिंगी भुकटी फवारली. ज्याला जगाचे लक्ष वेधायचे आहे तो याच स्थळाची आणि याच दिवसांची निवड करतो, इतके या उत्सवाचे सार्वजनिक वजन वाढले आहे.

११. चर्चा

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात ‘नवनिर्मित परंपरा’ ही संकल्पना मांडली गेली. जुन्या भासणाऱ्या अनेक परंपरा प्रत्यक्षात अलीकडच्या असतात, हे तिचे सार होय. स्टोनहेंजचा उत्सव या व्याख्येत बसतो. मात्र एवढ्यावर थांबणे अपुरे ठरेल.

पहिली गोष्ट, या उत्सवाचा एक घटक खरोखरच प्राचीन आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ही रेषा आखली आणि ती आजही सूर्याशी जुळते. सातत्य माणसांच्या विधीत नाही, ते दगड आणि सूर्य यांच्या नात्यात आहे. आपल्या मकरसंक्रांतीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे उत्सवाचे सातत्य आहे. पण संपातचलनामुळे संक्रांतीचा दिवस प्रत्यक्ष उत्तरायणारंभापासून तीन आठवड्यांहून अधिक दूर गेला आहे. एकीकडे खगोल टिकले आणि विधी लुप्त झाला. दुसरीकडे विधी टिकला आणि खगोल सरकले.

दुसरी गोष्ट, परंपरा अर्वाचीन असली तरी तिच्यासाठी सोसलेले खरे असते. बीनफिल्डमध्ये अटक झालेल्यांचा ड्रुइडांशी वांशिक संबंध होता की नाही, हा प्रश्न त्यांच्या एकत्र येण्याच्या हक्काच्या संदर्भात गौण आहे. उपासनेचा वा उत्सवाचा हक्क केवळ प्राचीनतेच्या दाखल्यावर अवलंबून ठेवला, तर इतिहासकाराच्या हाती नकळत पोलिसाचा दंडुका येतो. त्याचबरोबर, हक्क हवा म्हणून इतिहास वाकवणेही तितकेच गैर आहे. इतिहासाने सत्य सांगावे आणि हक्कांचा निर्णय न्यायाच्या कसोटीवर व्हावा, ही विभागणी दोघांच्याही हिताची आहे. संरक्षित स्मारकांमधील पूजा-उत्सवांचे वाद आपल्या देशातही उभे राहतात. त्या दृष्टीने हा भेद आपणासही मार्गदर्शक ठरावा.

१२. निष्कर्ष

१) स्टोनहेंजचा मुख्य अक्ष ग्रीष्मातील सूर्योदय व शिशिरातील सूर्यास्त या दोहोंशी जुळतो. ही जुळणी हेतुपुरस्सर असल्याचे मानण्यास पुरेसा आधार आहे.
२) प्राचीन मेजवान्यांचा उपलब्ध पुरावा प्रामुख्याने हिवाळ्याकडे निर्देश करतो. ग्रीष्म उत्सवाचे अखंड सातत्य सिद्ध होत नाही.
३) दगडी वर्तुळ, ड्रुइड व अयनदिन यांची सांगड अठराव्या शतकात घातली गेली आणि वासाहतिक काळात तिचे पडसाद दख्खनमध्येही उमटले.
४) आजच्या उत्सवाचे स्वरूप १९०१ चे कुंपण, १९०५ चा निकाल, १९८५ ची चकमक, १९९९ चा निर्णय व २००० सालची प्रवेशव्यवस्था या टप्प्यांतून सिद्ध झाले. त्यामुळे मांडलेले गृहीतक मुख्यत्वे ग्राह्य ठरते.
५) संरक्षण आणि सहभाग हे परस्परविरोधी असलेच पाहिजेत असे नाही. मनाईच्या पंधरा वर्षांनी जे साधले नाही, ते नियंत्रित प्रवेशाने बहुतांशी साधले.

स्टोनहेंज बांधणाऱ्यांनी एकही अक्षर मागे ठेवले नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीने त्या दगडांत स्वतःला हवा तो अर्थ पाहिला. कोणी मंदिर, कोणी वेधशाळा, तर कोणी मुक्तीचे मैदान. त्या अर्थांचा इतिहास लिहिणे म्हणजे त्या पिढ्यांचाच इतिहास लिहिणे होय. दगडांच्या मूळ हेतूविषयी अंतिम शब्द कदाचित कधीच उच्चारता येणार नाही. परंतु त्यांच्यापाशी जमलेल्या माणसांशी व्यवस्थेने कसे वर्तन केले, याची नोंद मात्र उपलब्ध आहे आणि ती जपणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.